कोकणातली कॉफी: आधी ताण, मग पाणी

आमच्याकडे एखादं झाड जगत नसेल तर पहिला प्रश्न येतो, "पाणी घातलंस का?" आणि झाड जगलं पण फळत नसेल तर सल्ला येतो, "पाणी वाढव." माड, पोफळ, केळ, जायफळ यांच्या बाबतीत हा सल्ला बहुतेक वेळा बरोबर ठरतो. कॉफीच्या बाबतीत तो अर्धाच बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी माझी दोन वर्षं गेली. तुमची जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

हा लेख कुणासाठी? ज्यांनी पोफळीत, माडाखाली किंवा घरामागच्या परड्यात पन्नास-शंभर कॉफीची रोपं लावलीत, ती तिसऱ्या-चौथ्या वर्षात आहेत, आणि आता "फुलं कधी येणार" म्हणून रोज फांद्या उलगडून बघतायत, त्यांच्यासाठी. लागवड, खड्डे, खतं यावर मी फारसं बोलणार नाही. फक्त पाणी, फुलोरा आणि तोडणी.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. कोकण हा कॉफीचा मुलूख नाही. देशातली बहुतेक कॉफी कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूच्या डोंगरांवर होते. महाराष्ट्रात कॉफी म्हटलं की चिखलदरा आठवतो. आपल्याकडे ती आंतरपीक म्हणून होते, तीही सह्याद्रीच्या पायथ्याच्या अंगाला, सावलीत. समुद्राच्या वाऱ्यावर उघड्या कातळावर लावून बघू नका. आणि कॉफीच्या दोन मुख्य जातींपैकी, रोबस्टा आणि अरेबिका, इथे लावायची ती रोबस्टा. अरेबिकाला थंडावा आणि उंची लागते. आपल्या उकाड्यात ती तांबेऱ्याने आणि खोडकिड्याने बेजार होते. पुढे सगळीकडे कॉफी म्हणजे रोबस्टाच समजा.

कळी झोपलेली असते

कॉफीच्या आडव्या फांदीवर, पानांच्या बगलेत, पाऊस सरल्यावर बारीक हिरवट कळ्यांचे झुपके दिसू लागतात. त्या थोड्या वाढतात आणि मग थांबतात. महिना-दीड महिना जशाच्या तशा. नवख्या माणसाला वाटतं झाडाला काहीतरी झालंय. काही झालेलं नसतं. कळी झोपलेली असते, आणि तिला जागं व्हायला दोन गोष्टी लागतात: सलग कोरडा काळ, आणि त्या कोरड्यानंतर एकदम भरपूर पाणी. जंगलात हे काम उन्हाळ्याच्या तोंडाशी पडणारी मोठी सर करते. कर्नाटकातल्या कोडगूतले बागायतदार तिला ब्लॉसम शॉवर म्हणतात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तिची वाट आपण मृगाची बघतो तशी बघतात. सर वेळेवर आली नाही तर ते तुषार सिंचन लावून ती स्वतःच पाडतात.

देशावरच्या डाळिंबवाल्याला हे सांगावं लागणार नाही. त्याच्याकडे ताण देणं (पाणी तोडून झाड कोरडं ठेवणं), ताण तोडणं (मग पुन्हा पाणी देणं), बहार धरणं (असा फुलोरा आणणं) हे शब्द रोजचे आहेत. आपल्याला मात्र पाणी तोडायची सवय नाही. तरी एक ओळखीचं उदाहरण आपल्याही अंगणात आहे. हापूसच्या कलमाला पाऊस संपल्यावर कुणी पाणी घालतं का? घातलं तर मोहोराऐवजी पालवी फुटते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कॉफी त्याच जातकुळीची, फक्त तिला ताणानंतरचं पाणी आपण मोजून द्यावं लागतं.

ब्राझीलच्या सेराडो पठारावर तर सिंचनाची पूर्ण सोय असलेले मोठे बागायतदार मुद्दाम ७० दिवसांच्या आसपास पाणी बंद ठेवतात, म्हणजे सगळी कळी एका पातळीवर येते आणि एकाच वेळी फुलते. पाणी हाताशी असून बंद ठेवायचं! हे मी आमच्या शेजारच्या आबांना सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी पानाचा डबा उघडला.

पोफळ आणि कॉफी यांचं भांडण

आता आपल्याकडची खरी अडचण. कॉफी आपण लावतो पोफळीत, कारण तिथे सावली आहे, ओल आहे, कुंपण आहे. आणि पोफळीला डिसेंबर ते मे दर चार-पाच दिवसांनी पाणी लागतं. ते तोडलं तर पोफळ गळते, सुपारीचं नुकसान होतं. म्हणजे ज्या दोन-अडीच महिन्यांत कॉफी कोरडी राहायला हवी, नेमकं तेव्हाच तिच्या मुळाशी पाट वाहतोय.

माझ्या पहिल्या फुलोऱ्याला हेच झालं. बागेत वरून येणारा पाट, दांडांतून सगळीकडे फिरणारा. त्या वर्षी कॉफी नोव्हेंबरात थोडी फुलली, डिसेंबरात थोडी, मग जानेवारीत एका अंगाला, मग मार्चमध्ये, आणि एप्रिलमध्ये वळीव पडल्यावर पुन्हा. दर वेळी मी खूश. घरी येईल त्याला फुलं दाखवत होतो. जाईसारखा वास येतो आणि फांदी पांढरी होते, त्यामुळे माणूस फसतो.

हिशेब पुढच्या वर्षी आला. रोबस्टाचं फळ फुलापासून पिकायला १० ते ११ महिने घेतं. नोव्हेंबरचं फूल सप्टेंबर-ऑक्टोबरात पिकलं, भर पावसात. वाळवायला ऊन नाही, पडवीत पसरलेल्या फळांना तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी. एकाच फांदीवर लाल, पिवळी, हिरवी फळं शेजारी शेजारी. साठ झाडांसाठी आम्ही सात वेळा तोडणी केली, आणि शेवटच्या खेपेला तोडणाऱ्या काकू म्हणाल्या, "ह्यापेक्षा मिरी बरी."

आणखी एक तोटा तेव्हा कळला नाही, नंतर कळला. बारा महिने झाडावर कुठलं ना कुठलं फळ असलं की फळ पोखरणाऱ्या भुंगेऱ्याला उपासमार होतच नाही. भारतात हा भुंगेरा १९९० मध्ये निलगिरीतल्या गुडलूरकडे पहिल्यांदा आढळला आणि आज कॉफीच्या मुलखात तो घरचाच झालाय. सगळी फळं एकदम उतरली आणि झाडं दोन-तीन महिने रिकामी राहिली, की त्याची साखळी तुटते. म्हणजे पाण्याची शिस्त ही कीड नियंत्रणाचीही शिस्त आहे.

पहिलं काम: नळी वेगळी करा

पाटपाण्याच्या बागेत ताण देता येत नाही. हे मान्य करूनच पुढे जा. दोन मार्ग आहेत.

पहिला, पोफळीला ठिबक करा आणि कॉफीला स्वतंत्र व्हॉल्व्हची नळी द्या. पोफळीचं नेहमीचं अंतर २.७ बाय २.७ मीटर. चार पोफळींच्या मधोमध कॉफी लावली असेल तर प्रत्येक पोफळीपासून ती साधारण १.९ मीटरवर येते. पोफळीची बहुतेक मुळं बुंध्याच्या आसपासच असतात, त्यामुळे ठिबकचं पाणी बुंध्याशी सोडलं तर मधली जागा बऱ्यापैकी कोरडी राहते. जांभा मातीत पाणी आडवं फार पसरत नाही, सरळ खाली उतरतं. एरवी आपण या मातीला शिव्या घालतो, इथे ती उपयोगी पडते.

दुसरा मार्ग, ज्यांना ठिबकचा खर्च नको किंवा जमत नाही त्यांच्यासाठी: कॉफी पोफळीत लावूच नका. माडाखाली लावा. माडांमध्ये ७.५ मीटरचं अंतर असतं, माडाचं आळं बुंध्याभोवती दोन मीटरच्या आत संपतं, मधे जागा मुबलक. माडाचं पाणी आळ्यात, कॉफीचं कॉफीला. जुन्या बागेत लावलेली झाडं हलवता येत नाहीत हे खरं. मी पोफळीतली ओळ तशीच ठेवलीय, तिच्याकडून फार अपेक्षा ठेवत नाही.

पहिली दोन वर्षं मात्र हे ताणाचं काही लागू नाही. लहान रोपाला आठवड्याला पाणी, बुंध्याशी पातेऱ्याचं जाड आच्छादन. ताण हा फळायच्या वयाच्या झाडाचा.

विहीर खाडीजवळ असेल तर मार्चमध्ये पाणी चाखून बघा. मचूळ लागत असेल तर कॉफीच्या पानांच्या कडा करपायला लागतात, आणि नेमकं फुलोऱ्यानंतरच्या नाजूक दिवसांत. अशा ठिकाणी कॉफीचा नाद सोडलेला बरा.

दुसरं काम: पाणी तोडा

ऑक्टोबरात परतीचा पाऊस संपतो. नोव्हेंबरात जमिनीत ओल असते, काही करायचं नाही. डिसेंबरच्या सुरुवातीपासून कॉफीची नळी बंद. ती फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत बंदच. दोन ते अडीच महिने.

हे ऐकायला सोपं आहे. जानेवारीच्या अखेरीस दुपारी दोन वाजता बागेत उभं राहून बघा. पानं लोंबलेली, चकाकी गेलेली, झाड आजारी माणसासारखं. आबा कुंपणापलीकडून ओरडले होते, "अरे झाडां मरतली! पाणी कित्याक बंद केलंस?" त्यांना काय सांगणार.

खूण अशी: दुपारी पानं मलूल, पण सकाळी सहाला पुन्हा ताठ, तर ताण योग्य चाललाय. सकाळीही पानं तशीच मलूल दिसली, शेंड्याची कोवळी पानं कडेने वाळायला लागली, तर ताण जास्त झाला. तेव्हा कळी तयार असेल तर थांबू नका, पूर्ण पाणी द्या. कळी तयार नसेल तर निर्णय कठीण आहे. मी अशा वेळी झाड वाचवतो आणि त्या झाडाचा फुलोरा विस्कळीत होणार हे धरून चालतो. आच्छादन चांगलं असेल तर ही वेळ क्वचित येते. सुपारीच्या झावळ्या, माडाच्या सोडणाचे तुकडे, पातेरा, जे मिळेल ते बुंध्याभोवती चार बोटं जाडीचं.

या काळात घरच्यांशी बोलून ठेवा. मी मुंबईला लग्नाला गेलो असताना घरच्या एका प्रेमळ माणसाने "बिचारी सुकतायत" म्हणून सगळ्या कॉफीला एकेक बादली घातली. एक बादली. याच्याइतकं वाईट काही नाही. का, ते पुढे येतंच.

तिसरं काम: कळी वाचा

तारखेपेक्षा कळी महत्त्वाची. जानेवारीपासून दर आठवड्याला बागेच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतली दहा झाडं बघा. प्रत्येक झाडाची एक फांदी निवडून लाल दोरा बांधा, म्हणजे दर वेळी तीच बघाल. मधल्या पेरांवरचा झुपका बोटांनी हलकेच उघडा. कळी कोलम तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी असेल तर अजून वेळ आहे. पूर्ण दाण्याएवढी, म्हणजे साधारण ५ मिलिमीटर, हिरवट, वर किंचित चिकट तपकिरी लेप, आणि दोन आठवडे वाढ थांबलेली, तर ती तयार. बोटाला तो लेप गुळाच्या काकवीसारखा लागतो.

दहापैकी सात-आठ फांद्या या अवस्थेत दिसल्या की पाण्याची तयारी करा. सगळ्या दहा तयार व्हायची वाट बघाल तर मार्च उजाडेल, आणि आपल्याकडे मार्चचं ऊन म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. उघडू पाहणारी कळी त्या झळांत करपते.

मी साधारण १५ ते २५ फेब्रुवारीच्या दरम्यान पाणी देतो. कारण सरळ आहे: फेब्रुवारीअखेरचं फूल पुढच्या डिसेंबरअखेर ते जानेवारीत पिकतं. तेव्हा आकाश स्वच्छ, हवा कोरडी, खळ्यात ऊन. वाळवणीच्या महिन्यापासून उलटं मोजत या, पाण्याची तारीख आपोआप सापडते.

चौथं काम: फुलोऱ्याचं पाणी, एकदम आणि पुरेसं

सगळ्या लेखात एवढाच भाग वाचलात तरी चालेल.

देशावर फळबागेचा ताण तोडताना पहिलं पाणी हलकं देण्याची पद्धत आहे. कॉफीला ते चालत नाही. कॉफीला २५ ते ४० मिलिमीटर पावसाइतकं पाणी एका दमात हवं. त्यापेक्षा कमी पडलं तर काही कळ्या जाग्या होतात, काही अर्धवट उघडून चांदणीसारख्या सुकतात, आणि बाकीच्या झोपलेल्याच राहतात. अर्ध्या पाण्याने ताणही गेला आणि फुलोराही. प्रेमाची ती एक बादली हेच करते.

मिलिमीटरचं लिटरमध्ये रूपांतर असं. एक मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. म्हणजे २५ मिलिमीटर एका गुंठ्याला सुमारे अडीच हजार लिटर, एकराला एक लाख लिटर. तासाला २०,००० लिटर फेकणारा पंप असेल तर एकराला पाच तास.

पन्नास-शंभर झाडं असतील तर पूर्ण बाग भिजवायची गरज नाही. व्हिएतनामच्या डोंगराळ भागातले शेतकरी झाडाभोवती आळं करून होजपाइपनेच पाणी देतात, आणि रोबस्टात जगात पहिला नंबर त्यांचा. झाडाभोवती एक मीटर त्रिज्येचं आळं केलं तर त्याचं क्षेत्रफळ ३.१४ चौरस मीटर. ४० मिलिमीटर पाणी म्हणजे झाडाला सुमारे १२५ लिटर. आता तुमच्या पाइपाचा वेग मोजा: १५ लिटरची बादली किती सेकंदांत भरते? माझी ३० सेकंदांत भरते, म्हणजे मिनिटाला ३० लिटर, म्हणजे एका झाडाला चार मिनिटं आणि थोडं वर. शंभर झाडांना सात तास. दोन माणसं, दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ. विहीर तेवढं पाणी देते का हे आदल्या आठवड्यात उपसा करून बघून ठेवा. ऐन वेळी तळ दिसला तर पाणी अर्ध्यावर तुटेल आणि तुमची गत माझ्यासारखी होईल, ती पुढे सांगतो.

आळ्याचं पाणी जमिनीला मिळतं, फांदीला नाही. तुषारने कळीही भिजते आणि हवाही गार होते, फुलोरा जास्त एकसारखा येतो. जमलं तर तुषारच लावा. तुषार लावला तर किती पाणी पडलं हे अंदाजाने ठरवू नका. सरळ उभ्या कडांचे पाच रिकामे डबे घ्या, बागेत वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, एक अगदी शेवटच्या कोपऱ्यात जिथे फवारा जेमतेम पोचतो तिथे. तासाभराने पट्टीने मोजा. पोफळींची खोडं फवारा अडवतात, त्यामुळे एका डब्यात १० मिलिमीटर आणि दुसऱ्यात ४ असं सर्रास होतं. ज्या डब्यात सगळ्यात कमी, त्याच्यावर तास ठरवा.

आता माझी फजिती. दुसऱ्या वर्षी मी सगळं नीट केलं. ताण दिला, कळी वाचली, डबे ठेवले. संध्याकाळी सातला तुषार सुरू केला, रात्रभर चालवायचा बेत. रात्री दोनला लाइट गेली, ती दुसऱ्या दिवशी दुपारनंतर आली. सकाळी डब्यांत १२ मिलिमीटर. मी म्हटलं, झालं की थोडंफार, आणि दोन दिवस तसाच राहिलो. आठव्या दिवशी फुलं आली, पण लाल दोऱ्याच्या फांदीवर नऊ पेरांपैकी तीनच पांढरी. बाकीची तशीच हिरवी. ती मग एप्रिलच्या वळवाने फुलली, आणि तोडणी पुन्हा दोन हंगामांत विभागली.

तेव्हा पाणी अर्ध्यावर तुटलं, किंवा फेब्रुवारीत अवकाळी पावसाचा शिडकावा येऊन गेला, तर हातावर हात ठेवून बसू नका. डब्यात किती पडलंय ते बघा आणि उरलेलं पाणी लगेच, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या आत, भरून काढा. ढगाळ वातावरण दिसलं की मी आता आधीच पंपाला डिझेल भरून ठेवतो. विजेवर विसंबून फुलोरा धरायचा नाही.

पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी दोन झाडांखाली कुदळीने फूटभर खणून बघा. तळाची माती मुठीत दाबल्यावर गोळा व्हायला हवी. भुसभुशीत राहिली तर पाणी पोचलं नाही.

फुलं उमलताना काही करू नका

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळी लांबायला लागते, मग पांढरी होऊन मेणबत्तीसारखी उभी राहते. रोबस्टा साधारण सातव्या-आठव्या दिवशी पहाटे उमलते. पाचव्या दिवसापासून फुलं कोमेजेपर्यंत बागेत पाण्याचा थेंब नको, निदान वरून तरी नाही. ओल्या फुलातला पराग चिकटतो, उडत नाही.

रोबस्टाच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं. अरेबिकाचं फूल स्वतःच्या परागाने फळतं, रोबस्टाचं नाही. तिला दुसऱ्या झाडाचा पराग लागतो, वाऱ्याने किंवा माशीने आणलेला. म्हणून एकाच कलमापासून सगळी बाग केली असेल तर फुलोरा कितीही दणक्यात आला तरी फळ धरणार नाही. निदान दोन-तीन वेगवेगळे वाण किंवा रोपांपासून वाढवलेली झाडं मिसळून असावीत. आणि म्हणूनच सगळ्या बागेला एकाच दोन दिवसांत पाणी द्यायचं. आज या कोपऱ्याला, आठवड्याने त्या कोपऱ्याला असं केलं तर फुलं एकमेकांना भेटतच नाहीत.

सातेरी मधमाश्यांच्या एक-दोन पेट्या बागेत असतील तर उत्तम. फुलोऱ्याच्या आधी आठवडाभर आणि नंतर आठवडाभर कसलीही फवारणी नाही, शेजारच्या कलमांवर आंब्याची चालू असेल तर शेजाऱ्याशी गोडीत बोलून घ्या. हे बोलणं जमलं तर जमलं.

फुलं दोन-तीन दिवसांत तपकिरी होऊन गळतात. त्या सकाळी बागेत एकदा नुसतं उभं राहा. गुं-गुं आवाज येतो, वास येतो, आणि काम काही नसतं.

पाठचं पाणी, आणि एप्रिल-मेचा खडतर पल्ला

फूल गळल्यावर मागे उरतं ते टाचणीच्या डोक्याएवढं हिरवं फळ. ते महिना-दीड महिना वाढतच नाही. नवखे इथे पाणी तोडतात, "फुलं झाली, आता पावसाला सोडू" म्हणून. मग मे अखेर फांदी रिकामी.

फुलल्यापासून १५ ते २० दिवसांनी दुसरं पाणी द्या, २० ते २५ मिलिमीटर. कोडगूत याला बॅकिंग शॉवर म्हणतात. मी पाठचं पाणी म्हणतो. तिथे पुढे एप्रिलमध्ये पावसाच्या सरी येतात आणि काम भागतं. आपल्याकडे वळीव येईल की नाही याचा भरवसा नाही, आला तर गडगडाट करून पाच मिनिटांत जातो, आणि खरा पाऊस जूनचा. त्यामुळे कोकणात पाठचं पाणी एकदा देऊन भागत नाही. दर १५ ते २० दिवसांनी, मेच्या अखेरीपर्यंत, म्हणजे एकूण चार-पाच वेळा. या काळात ठिबकही चालतं, कारण आता जागं करायचं काही नाही, फक्त टिकवायचं आहे. विहिरीचं पाणी कमी पडत असेल तर झाडांची संख्या कमी ठेवा. दोनशे तहानलेल्या झाडांपेक्षा साठ भागलेली झाडं जास्त देतात, हे मी माझ्या बागेत बघितलंय.

एप्रिलमध्ये सावली कापायची नाही. आंब्याफणसाच्या फांद्या वाढल्या असतील तरी राहू देत, जूनच्या आधी पहिली सर पडल्यावर विरळ करा.

पावसाळ्यात उलट

जून ते सप्टेंबर आपल्याकडे अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, कधी त्याहून जास्त. आता प्रश्न पाणी काढून देण्याचा. दोन ओळींमध्ये फूटभर खोल चर मेमध्येच मोकळे करा. आळी मोडून बुंध्याशी मातीचा उंचवटा करा, नाहीतर तेच आळं डबकं होतं आणि जुलैत हिरवी फळं टपाटप गळतात.

पोफळीवाल्यांना कोळेरोग माहीत आहे. कॉफीच्या काळ्या कुजीलाही कोळेरोगच म्हणतात, पण बुरशी वेगळी. पानं आणि फळं काळी पडून जाळ्याने लोंबत राहतात. दाट सावलीत, हवा न खेळणाऱ्या कोपऱ्यात ती आधी येते. झाडाच्या पोटातली उभी फूट पावसाआधी काढून टाकली की बराचसा त्रास वाचतो. तशीही त्या उभ्या फुटीला फळ नसतं.

तोडणी

नीट ताण दिलेल्या बागेत डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात फळं रंगायला लागतात आणि जानेवारीत दोन, फार तर तीन खेपांत बाग उरकते. फळ बोटांनी दाबल्यावर बी सुळकन बाहेर आली की पिकलं. हिरवी फळं मोहात पडून तोडू नका.

तोडलेली फळं बादलीत टाका. तरंगणारी वेगळी काढा, ती पोकळ किंवा किडलेली. उरलेली खळ्यात किंवा जाळीवर पातळ पसरा, पहिले दिवस तासातासाला हात फिरवत राहा, रात्री झाका, जानेवारीत दंव पडतं. दोन आठवड्यांच्या पुढेमागे फळ हलवल्यावर आत बी खुळखुळते. साधारण साडेचार-पाच किलो ताज्या फळातून एक किलो साफ बी हाती लागते. झाडाखाली पडलेली आणि फांदीला राहिलेली फळंही वेचून घ्या. भुंगेरा त्यांतच पुढच्या हंगामाची वाट बघतो.

तोडताना एक सांभाळा. ज्या फांदीवरचं पिकलं फळ तुम्ही काढताय, त्याच फांदीच्या पुढच्या, नव्या पेरांवर येत्या फेब्रुवारीच्या कळ्या बसलेल्या असतात. एकदा फुललेलं पेर पुन्हा फुलत नाही, त्यामुळे पुढचं सगळं पीक त्या कोवळ्या टोकावर आहे. मूठ भरून फांदी ओरबाडली की तेच तुटतं. फळ एकेक, देठ झाडाला ठेवून, पिरगळून काढायचं. आमच्या काकूंना मी पहिल्या दिवशी त्या कळ्या दाखवल्या. त्यांनी चष्मा सरकवून बघितलं, म्हणाल्या, "ही इतकी बारकी? बरं." मग दिवसभर त्यांनी बाकीच्यांना दाखवल्या.

तोडणी चालू असते तेव्हा नळी बंदच असते, ताण चालूच असतो. तोडणीच्या शेवटच्या दिवशी झाडं दमलेली दिसतात आणि त्यांना पाणी पाजायचा मोह फार होतो. मी त्या दिवशी पंपाच्या खोलीची किल्ली घरात ठेवून येतो.